व्हिसाची तारीख उलटली तर? तुमचे अनुभव सांगा

गोदाकाठची
कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर दोन आठवडे एकच वाद रंगलाय. ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने काही देशांच्या पर्यटक व्हिसासाठी ५ ते १५ हजार डॉलरची हमी मागायला सुरुवात केली, पहिली नावं मलावी आणि झांबिया. मुदतीत परत गेलात तर पैसे परत, नाहीतर बुडाले. आमच्यातले निम्मे म्हणतात बरोबरच आहे. उरलेल्यांची मुलं तिकडे आहेत. ब्रिटननेही २०१३ मध्ये भारतासह सहा देशांसाठी ३,००० पौंडांच्या हमीचा घाट घातला होता, पण त्याच नोव्हेंबरात तो गुंडाळला.

हमी, दंड, बंदी, यातलं काय चालतं? मतं मागाहून मांडा, आधी स्वतःचा अनुभव लिहा. व्हॉट्सअ‍ॅपचे फॉरवर्ड नकोत.

इंदिरानगरची आजी
सुनेने टाइप करून दिलंय असं समजू नका, मीच टाइप करतेय.

ऑक्टोबर २०१९ मध्ये आम्ही दोघं न्यू जर्सीला लेकाकडे गेलो. पासपोर्टावर दहा वर्षांचा व्हिसा. हे म्हणाले, दहा वर्षं आहेत, घाई कसली! लेकाने कपाळावर हात मारला. व्हिसा म्हणजे दारापर्यंत यायची परवानगी. आत किती दिवस राहायचं ते आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवर असतं आणि आमची तारीख होती ४ एप्रिल. परतीचं तिकीट २८ मार्चचं. २२ मार्चपासून कोरोनामुळे भारतात येणारी विमानं बंद!

लेकाने मुदतवाढीचा आय-५३९ अर्ज भरला. तेव्हा फी ३७० डॉलर, वर बायोमेट्रिकचे माणशी ८५. मुदत संपायच्या आत अर्ज पोचला तर निकाल लागेपर्यंतचे दिवस बेकायदा धरत नाहीत, या एका वाक्याच्या आधारावर आम्ही तीन महिने काढले. १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून निघालं तर तीन वर्षं बंदी, वर्ष उलटलं तर दहा. मला हे रामरक्षेसारखं पाठ झालं होतं. स्वयंपाकघरात नाशिकहून नेलेलं कालनिर्णय होतं, त्यावर हे रोज फुली मारायचे.

जुलैत वंदे भारत मोहिमेच्या विमानाने परतलो. अर्जाचा निकाल आला दिवाळीत, आम्ही इथे चकल्या तळत होतो तेव्हा.

सातपूरचा वायरमन
शारजात होतो. मालकाने व्हिसा रद्द केला आणि पासपोर्ट स्वतःच्या कपाटात ठेवला. कंपनीचं नाव लिहीत नाही. तिकडे मुदतीनंतर राहिल्याचा दंड दिवसाला ५० दिरहम. पगार बंद आणि मीटर चालू. चार महिन्यांत सहा हजार दिरहम चढले. लोक म्हणतात कडक दंड लावला की माणूस पळतो. पळतो, पण विमानतळाकडे नाही. तिथे गेलं की भरावा लागतो ना! खोलीत आम्ही सात जण होतो, त्यातला एक दोन वर्षं बाजारातसुद्धा दिवसा गेला नव्हता.

१ सप्टेंबर २०२४ ला तिथल्या सरकारची माफी सुरू झाली. दंड माफ, परत यायला बंदीही नाही. आमची खोली महिन्यात रिकामी झाली.

इगतपुरीचा होमस्टेवाला
आमचं उलटं. धम्मगिरीला विपश्यनेला येणारे परदेशी पाहुणे एखाद-दोन दिवस आधी आमच्याकडे उतरतात. चोवीस तासांत त्यांची माहिती सरकारला कळवावी लागते, म्हणून पासपोर्ट नीट बघतो. एका बाईंचा ई-व्हिसा संपायला आठ दिवस होते आणि कोर्स दहा दिवसांचा, तोही फोन जमा करून, मौनात! बाहेर आल्या असत्या तोवर तारीख गेलेली, मग ई-एफआरआरओवर, म्हणजे परदेशी लोकांच्या नोंदणीच्या सरकारी साइटवर, देश सोडायच्या परवान्यासाठी धावाधाव. सांगितल्यावर आधी चिडल्या, मग हसल्या आणि दुसऱ्या दिवशी मुंबईला गेल्या. कोर्स राहिला तो राहिलाच.

नाशिकरोडचा निवृत्त
हयात इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये पासपोर्ट छापण्यात गेली आणि स्वतःच्या पासपोर्टावर पहिला शिक्का पडला बासष्टाव्या वर्षी. लेक मेलबर्नला. तिने स्पॉन्सर केलेल्या व्हिसासाठी तिच्याकडून दहा हजार ऑस्ट्रेलियन डॉलर अनामत घेतली. शिवाय ८५०३ ची अट, म्हणजे तिथे बसून दुसरा व्हिसा मागायचा नाही. मंगल कार्यालयाच्या डिपॉझिटसारखं वाटलं, निघताना खुर्च्या मोजून घेणार. राग आला होता. पण खरं सांगतो, नातवाचा वाढदिवस आठ दिवसांवर असताना निघून आलो. मुलीचे पैसे अडकले होते. ते मिळाले.

म्हणजे हमीचा उपयोग होतो. मला मात्र त्या वाढदिवसाचे फोटोच बघावे लागले.

कॉलेजरोड २६
हमीला नावं ठेवणाऱ्यांनो, मला ती हवी होती. बहिणीचं बाळंतपण होतं. पहाटे तीनला निघून कसारा घाट उतरून मुंबईत बीकेसीतली अमेरिकन वकिलात गाठली. खिडकीवर तीन प्रश्न आणि हातात २१४(बी) चा, म्हणजे व्हिसा नाकारल्याचा कागद. वय २६, लग्न नाही, नावावर घर नाही. परत येणार हे कशाने दाखवायचं? जे मुदत उलटूनही तिकडेच राहिले त्यांचा हिशेब माझ्याकडून चुकता केला. १५ हजार डॉलर म्हणजे तेरा लाखांच्या आसपास. बाबा एफडी मोडायला तयार होते.

इंदिरानगरची आजी
आणि आमच्यासारखं विमानच रद्द झालं असतं तर गं?

कॉलेजरोड २६
तरी गेले असते, आजी. भाचा चालायला लागला, मी अजून व्हिडिओवरच बघतेय.

सातपूरचा वायरमन
ताई, तेरा लाखांची एफडी असती तर मी शारजाला कशाला गेलो असतो?