सँडी डेनीच्या गाण्यांना व्हायोलिनांनी बुडवलं का?

फाटकी_रेकॉर्ड
परवा रात्री ब्रिटिश फोक-रॉक गायिका-गीतकार सँडी डेनीचा 1967चा डेमो पुन्हा ऐकला, 'हू नोज व्हेअर द टाइम गोज?'चा. एक गिटार, एक आवाज, बस. संध्याकाळी पक्षी निघाले, त्यांना निघायची वेळ कशी कळते, एवढंच ती विचारते. वय जेमतेम वीस. ते ऐकून लगेच तिचा 1974चा अल्बम 'लाइक अ‍ॅन ओल्ड फॅशन्ड वॉल्ट्झ' लावला आणि चिडलो. वाद्यसंयोजक हॅरी रॉबिन्सनच्या व्हायोलिनांचा एवढा लोट, की बाई मागे कुठेतरी उभी राहून गातेय असं वाटतं.

माझं म्हणणं सरळ आहे. फेअरपोर्ट कन्व्हेन्शन हा बँड सोडल्यानंतर तिनं चार एकल अल्बम केले: 1971, 1972, 1974 आणि 1977. प्रत्येक वेळी सजावट वाढली आणि गाणं कमी झालं. 1971 साली बीबीसी टीव्हीवर एकटीच कधी पियानो, कधी गिटार घेऊन गायली, ते चित्रीकरण बघा. अल्बम तसेच असते तर ती 1978 साली, एकतिसाव्या वर्षी, अशी अर्धवट ओळखीची राहून गेली नसती.

पियानोच्या_पायाशी
नाही पटलं. 'बाईला कोणीतरी व्हायोलिनं लावली' हा सूरच चुकीचा आहे. ही मुलगी लहानपणी रीतसर पियानो शिकलेली. लोकसंगीताच्या क्लबांत गिटार घेऊन गायली म्हणून तिनं जन्मभर स्टुलावर बसून तेच करावं? वॉल्ट्झमध्ये 'व्हिस्परिंग ग्रास'सारखं जुन्या काळातलं गाणं तिनं हौसेनं घेतलंय. तो जमाना तिला मनापासून आवडायचा.

आणि 1977च्या 'रॉन्देव्हू' अल्बममधलं 'ऑल अवर डेज' ऐकलंय का? सात मिनिटांहून लांब, पूर्ण वाद्यवृंद, इंग्लिश संगीतकार व्हॉन विल्यम्सच्या वळणाची इंग्लिश ऋतूंवरची रचना. गिटारवाली मुलगी त्या वाटेला जात नाही, संगीतकार जाते. व्हायोलिनं नकोत म्हणजे आपल्याला तिची महत्त्वाकांक्षाच नकोय.

कथागीतवाला
दोघंही चुकताय. (हे मी नेहमीच म्हणतो, माहीत आहे.) ती सगळ्यात मोठी झाली ती स्वतःच्या गाण्यांत नाही, जुन्या कथागीतांत. फेअरपोर्टचा 1969चा अल्बम 'लीज अँड लीफ' काढा. 'मॅटी ग्रोव्ह्ज'मध्ये उमरावाची बायको, तिचा प्रियकर आणि तलवार, सगळं ती असं सांगते की जणू शेजारच्या घरात काल घडलं. आवाज चढवत नाही, डोळे पुसत नाही, फक्त सांगते. 'टॅम लिन'ही तसंच.

त्याच वर्षी मे महिन्यात फेअरपोर्टच्या व्हॅनला इंग्लंडमधल्या एम-1 रस्त्यावर अपघात झाला होता, ड्रमर मार्टिन लॅम्बल गेला. त्यातून उठून बँडनं हे केलं. आणि अल्बम बाजारात यायच्या आतच दोघं बाहेर पडले: बँडचा बेसवादक अ‍ॅशली हचिंग्जला आणखी पारंपरिक गाणी हवी होती, सँडीला स्वतःची. माझ्या मते दोघांत बरोबर हचिंग्ज होता.

फाटकी_रेकॉर्ड
@कथागीतवाला, म्हणजे तिनं लिहायलाच नको होतं? मग 'हू नोज'चं काय करायचं? अमेरिकन गायिका जुडी कॉलिन्सनं ते 1968 साली गायलं, फेअरपोर्टच्या 'अनहाफब्रिकिंग' अल्बमच्याही आधी. तुमच्या कथागीतांइतकंच टिकलंय ते.

कथागीतवाला
एक गाणं म्हणजे कारकीर्द नव्हे.

दुसरी_बाजू_वाजवा
एक?! 'लेट नोव्हेंबर', 'नेक्स्ट टाइम अराउंड', 'सोलो', 'नो एंड'... जाऊ दे.

मला वाटतं भांडण व्हायोलिनांचं नाहीच, माणसांचं आहे. फॉदरिंगे हा तिचा स्वतःचा बँड एका वर्षात मोडला. निर्माता जो बॉइड अमेरिकेत नोकरीला गेला. दुसरा अल्बम अर्धवट राहिला तो थेट 2008 साली बाहेर आला. पुढे 1972च्या 'सँडी'पासून निर्माता म्हणून ट्रेव्हर लुकास, जो तिचा जोडीदार, नंतर नवरा. घरातलाच माणूस काचेपलीकडे बसला की 'हे जास्त होतंय' असं तिला कोण सांगणार? एकीकडे 1970 आणि 71, दोन्ही वर्षी 'मेलडी मेकर' या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाच्या वाचकांनी तिला ब्रिटनमधली सर्वोत्तम गायिका ठरवलं, लेड झेपेलिन या रॉक बँडनं 'द बॅटल ऑफ एव्हरमोर'साठी बोलावलं, आणि तरी रेकॉर्डी खपेनात. मग कंपनीही घाबरते आणि गाणाराही. 'रॉन्देव्हू'मध्ये एल्टन जॉनचं 'कँडल इन द विंड' आलं ते त्या घाबरण्यातून, असा माझा तर्क.

अवांतर: 'सँडी'मधलं 'क्वाएट जॉइज ऑफ ब्रदरहुड' हेडफोनवर ऐका. तिचाच आवाज थरांवर थर चढवलेला, शेवटी फेअरपोर्टच्या डेव्ह स्वारब्रिकचं फिडल (लोकसंगीतातलं व्हायोलिन). सजावट असून एकही थर जास्त नाही.

पियानोच्या_पायाशी
'रॉन्देव्हू'चा बचाव मीही करणार नाही, 'ऑल अवर डेज' सोडून. पण फाटकी_रेकॉर्ड, तुमची 'नुसतं गाणं हवं' ही आवड मला ओळखीची वाटते. आपल्याकडेही भावगीत पेटी-तबल्यावर ऐकलं की खरं, आणि वाद्यवृंद आला की सिनेमातलं, असं म्हणणारे काका घरोघरी आहेत. ती सवय आपली, सँडीची नव्हे.

फाटकी_रेकॉर्ड
काका म्हटल्याचा निषेध. :)

बरं, काल रात्री वॉल्ट्झ पुन्हा लावला, या वेळी शिव्या न देता. शीर्षकगीताबद्दलचा आरोप मागे घेतो. जुन्या नाचघराचं चित्र आहे ते, तिथे व्हायोलिनं लागणारच. पण 'सोलो' तिनं 1973 साली बीबीसीवर नुसत्या पियानोवर म्हटलंय, ते आणि अल्बममधलं एकापाठोपाठ ऐका. एकटेपणाचं गाणं म्हणायला अख्खा बँड कशाला? यावर तुमच्याकडे उत्तर असेल तर द्या. @कथागीतवाला, तुम्ही नको.