‘नम्रता नव्हे, नामुष्की’ चालेल का?

धागाकर्ती
आमच्या वाचनगटात पुढच्या रविवारी हॅना गॅड्सबीच्या ‘नॅनेट’ या स्टँडअप कार्यक्रमातले काही उतारे मराठीत वाचायचे आहेत. भाषांतर माझ्याकडे आहे आणि एका वाक्यावर चार दिवस अडून बसलेय. गॅड्सबी ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियातली लेस्बियन. तिथे पुरुषांमधले समलिंगी संबंध १९९७ पर्यंत गुन्हा होते. त्या हवेत ती वाढली. वर्षानुवर्षं स्वतःवरच विनोद करून नाव कमावलं आणि या कार्यक्रमात (एडिंबरा पुरस्कार २०१७, नेटफ्लिक्सवर २०१८) म्हणते, आता बास. जो आधीच कडेला ढकललेला आहे, त्यानं स्वतःची टर उडवली तर ती ह्युमिलिटी नसते, ह्युमिलिएशन असतं.

दोन्ही शब्द एका कुशीतले आहेत. ‘विनम्रता नव्हे, मानहानी’ असं केलं तर अर्थ येतो, पण शब्द दोन गावचे वाटतात. ‘नम्रता नव्हे, नामुष्की’ कानाला बरं लागलं. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, नामुष्की क्रिकेटच्या बातमीत येते, पोरीच्या पोटात नाही. तेव्हापासून अडलेय.

तळटीप
लीनता आणि दीनता? ‘ही लीनता नव्हे, दीनता आहे.’

धागाकर्ती
यमक छान आहे काका, पण ‘दीन’मध्ये मार बसल्याचं कळत नाही. आपल्या संतांनी तो शब्द इतका मायेनं वापरलाय की देव धावून येईल असंच वाटतं.

तळटीप
मान्य. मग मुळाशी जा. दोन्ही शब्द लॅटिनमधल्या ‘ह्युमस’वरून, म्हणजे माती. मराठीत तर मातीची रेलचेल आहे. पाय मातीवर असणं वेगळं, माती करणं वेगळं. जमिनीवर बसणं आणि जमिनीवर पाडलं जाणं.

शुद्धमराठी
मूळ प्रश्न बाजूला ठेवून एक विचारतो. लेस्बियन, स्टँडअप, नेटफ्लिक्स. उतारा मराठीत वाचायचा आहे ना? ‘समलिंगी स्त्री’ आणि ‘एकपात्री’ हे शब्द असताना उसनवारी कशाला?

ओपनमाइकवाली
एकपात्री वेगळं हो. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये लक्ष्मण देशपांडे एकटे ५२ पात्रं करायचे. स्टँडअपमध्ये सोंग उतरवून ठेवलेलं असतं. माणूस ‘मी’ म्हणतो आणि लोक ते खरं धरतात. सगळा धोका तिथेच आहे.

आणि ‘समलिंगी स्त्री’बद्दल. मी स्वतः लेस्बियन आहे, पुण्यात ओपन माइक (कुणीही चढून बोलावं असा मंच) करते. त्या शब्दात लिंग आधी येतं, बाई मागून. फॉर्म भरल्यासारखं वाटतं. मी स्टेजवर ‘माझी मैत्रीण’ म्हणायचे. ‘मी आणि माझी मैत्रीण सहा वर्षं एकत्र राहतो’ म्हटलं की लोक पुढच्या वाक्याची वाट बघत बसायचे. त्यांना रूममेट ऐकू यायची. मग मी घरमालकीणबाईंना आणलं: ‘दोघी किती गुण्यागोविंदानं राहता गं, लग्नं झाल्यावर करमायचं नाही तुम्हाला.’ तिथे हशा येतो, कारण तोवर सगळ्यांना कळलेलं असतं आणि एकट्या काकूंनाच कळलेलं नसतं.

शुद्धमराठी
म्हणजे मराठी शब्दानंच काम केलं की. ‘मैत्रीण’.

ओपनमाइकवाली
शब्दानं लपवलं, म्हणून काम झालं. लपायचं नसेल तेव्हा मला ‘लेस्बियन’च लागतो.

तळटीप
‘मित्राची गोष्ट’ नाटक आठवा. १९८१ साली तेंडुलकरांनी बाईवर प्रेम करणाऱ्या नायिकेचं नाव सुमित्रा ठेवलं आणि ‘मित्रा’ केलं. रोहिणी हट्टंगडी ती भूमिका करायच्या. मित्र आणि मैत्रीण यांच्या मधली जागा एका काना-मात्रेत गाठली, असं माझं जुनं मत आहे. आणि मुंबईत १९९५ मध्ये सुरू झालेल्या लेस्बियन-बायसेक्शुअल बायकांच्या गटाचं नाव आधी ‘स्त्री संगम’ होतं, पुढे ‘लेबिया’ झालं. म्हणजे त्यांनीही देशी शब्द वापरून पाहिला होता.

‘लेस्बियन’ म्हणजे मुळात लेस्बॉस बेटावरचा माणूस, बायकांवरच्या प्रेमाच्या कविता लिहिणारी प्राचीन ग्रीक कवयित्री सॅफो तिथली. २००८ मध्ये बेटावरचे तिघे अथेन्सच्या कोर्टात गेले होते की हा आमचा शब्द आहे, ग्रीसमधल्या समलिंगींच्या संघटनेनं वापरू नये. कोर्टानं मानलं नाही. ज्यांचा शब्द त्यांनाही परत मिळाला नाही, तर आपण कुठे शुद्ध-अशुद्ध करत बसणार?

धागाकर्ती
अवांतर पुष्कळ झालं, पण माझ्या वाक्याचं काय?

ओपनमाइकवाली
सांगते. सुरुवातीला मी माझ्या केसांवर आणि शर्टांवर विनोद करायचे. एकदा पहिल्या रांगेतले एक काका गुडघ्यावर थाप मारून हसले आणि उतरल्यावर म्हणाले, बरं झालं बाई तूच बोललीस, आम्हाला बोलता येत नव्हतं. घरी जाईपर्यंत रडले. तुकोबा ‘लहानपण देगा देवा’ म्हणतात ते मागून घेतलेलं लहानपण. माझ्या बाबतीत मला लहान केलं गेलं होतं आणि तेही माझ्याच तोंडून. तुम्ही ‘हे लहान होणं नाही, लहान केलं जाणं आहे’ असं करून पाहा.

रंकाळा
हे वाक्य घ्याच ताई. पण बसस्टॉपचा किस्सा कसा करणार? गॅड्सबीला पुरुष समजून एक जण अंगावर येतो, मग बाई आहे कळल्यावर माफी मागतो. पुढे ती सांगते की खरा शेवट असा नव्हता, तो परत आला आणि त्यानं मारलं; विनोद टिकावा म्हणून ती तेवढं गाळायची. मराठीत ‘काय रे’चं ‘काय गं’ केलं की अख्खा प्रसंग एका अक्षरात. आमच्याकडे मात्र घोटाळा होईल, कोल्हापुरात पोरी ‘मी आलो, मी जातो’च म्हणतात. माझी बहीण अजून तशीच बोलते.

तळटीप
गॅड्सबी आता स्वतःसाठी ‘दे’ (इंग्रजीतलं they, ना ‘तो’ ना ‘ती’) वापरतात, तेव्हा ‘ती’ही तपासा. गंमत बघा, ‘ती मुलगी म्हणाली’ आणि ‘ती मुलं म्हणाली’. भूतकाळात स्त्रीलिंगी एकवचन आणि नपुंसकलिंगी अनेकवचन हुबेहूब सारखं. ‘ती म्हणाली’त दोन्ही मावतं.

शुद्धमराठी
वर्तमानकाळात फुटेल. ‘ती म्हणते’ की ‘ती म्हणतात’?

धागाकर्ती
सगळा उतारा भूतकाळात नेता येईल का, बघते. ‘लहान केलं जाणं’ लिहून घेतलंय. ‘नामुष्की’ अजून खोडवत नाही.

मांडवी
नपुंसकलिंगावरून. आमच्या घरी कोकणीत लहान मुलीला ‘तें’ म्हणतात, ‘तें आयलें’. लग्न झालं की ‘ती आयली’. माझ्या एका आत्यानं लग्न केलं नाही, एका मैत्रिणीबरोबर राहिली. सत्तरीतही तिचा थोरला भाऊ तिला ‘तें’च म्हणायचा. दारात तिची छत्री दिसली की आत वर्दी द्यायचा, ‘तें आयलें गो, च्या कर.’