ओपीडीत इंटर्नला शिकवायचं कसं? मेडिकल ऑफिसरांच्या प्रशिक्षणात काय घ्यावं?

सामुदायिक_वर्धा

आमचे इंटर्न चार प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि एका ग्रामीण रुग्णालयात पोस्टिंगला जातात. तिथल्या मेडिकल ऑफिसरांनी त्यांना ओपीडीत शिकवावं अशी अपेक्षा आहे, पण कसं शिकवायचं हे त्यांना कुणी दाखवलेलं नाही. कॉलेजातल्या शिक्षकांसाठीचा बेसिक कोर्स त्यांच्या वाट्याला येत नाही. सकाळी ८०-१०० पेशंट आणि टेबल एकच. मग इंटर्न बीपी घेतो, केसपेपर लिहितो आणि पोस्टिंग संपतं. प्रशिक्षणाला एक दुपार मिळते आहे, जेमतेम तीन तास. त्यात नेमकं काय घ्यावं?

स्टेथो_आणि_खडू

एकच गोष्ट घ्या आणि ती अंगवळणी पडेपर्यंत करून घ्या: एका पेशंटवर पाच मिनिटांत शिकवणं. अमेरिकेतल्या फॅमिली मेडिसिनच्या शिक्षकांनी १९९२ मध्ये मांडलेली ‘वन मिनिट प्रिसेप्टर’ पद्धत (प्रिसेप्टर म्हणजे काम करताकरता शिकवणारा डॉक्टर) याच कामाची आहे. नावात एक मिनिट असलं तरी सुरुवातीला पाच धरा.

इंटर्नने दोन मिनिटांत केस सांगितली की डॉक्टरचा पहिला प्रश्न, “तुला काय वाटतं, काय झालंय?” उत्तर आलं की दुसरा, “कशावरून?” मग एकच नियम सांगायचा, पुढच्या पेशंटलाही लागू पडेल असा. त्यानंतर काय बरोबर केलं ते, आणि शेवटी काय राहिलं ते.

समजा, चंद्रपूरकडची नऊ वर्षांची मुलगी आली. ताप, दोन्ही पायांची हाडं दुखतात, डोळे पिवळसर. इंटर्न म्हणतो, “सर, रुमॅटिक फीव्हर,” म्हणजे सांधे सुजवणारा ताप. इथे बहुतेक डॉक्टर “नाही रे, सिकलसेल आहे” (लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणारा रक्ताचा आनुवंशिक आजार) म्हणतात आणि औषध लिहायला घेतात. शिकणं तिथेच थांबतं. “कशावरून?” विचारलं असतं तर कळलं असतं की त्याने सांधे सुजलेत का पाहिलं नाही, घरात कुणाला सिकलसेल आहे का विचारलं नाही, प्लीहा चाचपली नाही. आता नियम सांगा: “आपल्या भागात हाडदुखीसोबत फिकेपणा किंवा कावीळ दिसली की सिकलसेल आधी डोक्यात आणायचा. सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे सिकलसेलची प्राथमिक रक्तचाचणी, पॉझिटिव्ह आली तरी मूल वाहक आहे की रुग्ण, हे तीवरून कळत नाही. त्याला एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या पुढच्या रक्तचाचण्या लागतात.” बस. हायड्रॉक्सियुरिया या औषधाचा डोस, लसी, आई-वडिलांचं समुपदेशन हे सगळं त्याच दमात सांगितलं तर इंटर्नच्या हाती काही राहत नाही आणि बाहेर रांग वाढते.

तीन तासांतली पहिली २० मिनिटं हीच केस दोनदा करून दाखवा, आधी चुकीच्या पद्धतीने, मग बरोबर. पुढची ९० मिनिटं तिघातिघांचे गट करा: एक डॉक्टर, एक इंटर्न, एक घड्याळ घेऊन बघणारा. १० मिनिटांची एक फेरी अशा नऊ फेऱ्या होतात. इंटर्न खरेच बोलवा. डॉक्टरांनीच इंटर्नची भूमिका केली तर उत्तरं फार हुशार येतात आणि सराव खोटा होतो.

चुका ठरलेल्या असतात. प्रश्न विचारून डॉक्टर स्वतःच उत्तर देऊन टाकतो. मनात पाचपर्यंत मोजायला सांगा. “कशावरून?”ची तोंडी परीक्षा होते आणि गाडी हिमोग्लोबिनच्या सहाव्या अमिनो आम्लासारख्या पुस्तकी तपशिलावर जाते, प्रश्न समोरच्या पेशंटपुरताच ठेवायचा. आणि नुसतं “छान” म्हणून भागत नाही. “पोट चाचपताना तू तिच्या चेहऱ्याकडे बघत होतास, ते बरोबर केलंस” असं म्हटलं की तो ते परत करतो.

धारणी_ओपीडी

पद्धत चांगली आहे, पण ओपीडीची घडी बदलली नाही तर दोन दिवसांत सगळं मागे पडतं. मॅडम, प्रशिक्षणातच प्रत्येकाकडून आपल्या केंद्राचा कागदावर नकाशा काढून घ्या: इंटर्न कुठे बसणार, आडोसा कुठे, तपासणीचा पलंग कुठे. पडदा आणि दोन स्टूल एवढ्यावर काम होतं. केसपेपर काढतानाच सिस्टरने नवीन तक्रारीचा एक पेशंट निवडून, त्याला विचारून, इंटर्नकडे द्यायचा. तो १५ मिनिटं घेईल, तेवढ्यात डॉक्टर आपले पाच-सहा पेशंट बघतील. सकाळभरात असे दोन-तीन झाले तरी पुष्कळ.

बाजाराच्या दिवशी हे लावू नका. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांच्या तपासणीची गर्दी असते, त्या दिवशी पोटाची तपासणी शिकवायची, बाकी काही नाही. महिला पेशंटला पुरुष इंटर्न तपासत असेल तर सिस्टर सोबत हवीच. टीबी, एचआयव्ही, गर्भपात यांची चर्चा पेशंटसमोर किंवा रांगेच्या कानावर जाईल अशी करायची नाही.

आमच्याकडे कोरकू, गडचिरोलीत माडिया-गोंडी. आशाताई दुभाषाचं काम करतात, तेव्हा इंटर्न त्यांच्याकडेच बघून बोलतो. पेशंटकडे बघून बोलायला डॉक्टरांनी त्याला त्याच क्षणी सांगावं.

आणि एक, आदेश. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांसाठी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र लागतं, ग्रामीण रुग्णालयासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांचं. एकच पत्र काढलं तर निम्मी मंडळी येत नाहीत.

अकोला_पेडिया

दोन गोष्टी जोडतो. इंटर्नऐवजी नुकतेच क्लिनिकल पोस्टिंगला आलेले विद्यार्थी असतील तर “तुला काय वाटतं?”ने ते गोठतात. त्यांना एक काम द्या: या बाळाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोज. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांच्या आत ४० किंवा त्याहून जास्त म्हणजे जलद. बाळ रडत असताना मोजलेला आकडा धरायचा नाही, हे तिथेच शिकवून होतं. उलट चांगल्या तयारीच्या इंटर्नला २००३ ची ‘स्नॅप्स’ पद्धत द्या. त्यात दोन-तीन शक्यता मांडणं, त्या पारखणं, शंका विचारणं हे तोच करतो आणि डॉक्टर कमी बोलतो.

दुसरं, इमर्जन्सीत प्रश्न विचारू नका. फवारणीच्या दिवसांत लाळ, घाम, उलट्या आणि डोळ्यांच्या टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या घेऊन कीटकनाशकाची विषबाधा झालेला मजूर आला तर डॉक्टरने हात चालवत मोठ्याने बोलावं: “हातमोजे घाल. कपडे काढा, साबण-पाण्याने अंग धुवा. ॲट्रोपिन, म्हणजे विषावरचा उतारा, देतोय, दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट. छाती मोकळी होईपर्यंत नेणार, बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून थांबायचं नाही.” कशावरून, का, हे पेशंट स्थिरावल्यावर.

सामुदायिक_वर्धा

सर, मॅडम, हे थेट वापरता येईल. दोन पत्रांचं लक्षातच आलं नव्हतं. प्रशिक्षणानंतर हे टिकलं की नाही, ते कसं तपासायचं?

स्टेथो_आणि_खडू

दोन-तीन आठवड्यांत एका ओपीडीला जाऊन मागे बसा. अधेमधे बोलू नका. एवढंच टिपा: आधी कोण बोललं, “कशावरून?” आलं का, नियम किती सांगितले. मग बाहेर येऊन इंटर्नला विचारा, “या पेशंटवरून काय कळलं?” आणि डॉक्टरला वेगळं विचारा, “काय शिकवलं?” उत्तरं जुळली नाहीत तर बहुधा एकाऐवजी तीन नियम सांगितलेले असतात. ते डॉक्टरला त्याच दिवशी, एकट्याला गाठून सांगा, इंटर्नसमोर नाही.