कळसूबाई, रविवार: सॅकमध्ये काय भरायचं?

बी-३०२: रविवारी पहाटे साडेचारला बस गेटवरून सुटेल. सामानाचं इथेच विचारा, पर्सनलवर नको 🙏

ए-१०४: छत्री घेऊ की रेनकोट?

बी-३०२: काकू, छत्री घरीच. बारी गावातून चढताना कड्याला लोखंडी शिड्या आहेत, पावसात निसरड्या. दोन्ही हातांनी कठडा धरावा लागतो. म्हणून हातात काही म्हणजे काहीच नको. पर्स नको, डब्याची पिशवी नको, मोबाईलही आत. सगळं पाठीवर.

सी-२०१: एवढं काय, डोंगरच आहे ना?

डी-४०३: 1646 मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. येऊरची टेकडी नाही!

बी-३०२: सॅकचे पट्टे आवळून घ्या, लोंबले की शिडीत अडकतात. आतून कचऱ्याची मोठी काळी पिशवी लावा. नुसत्या रेनकव्हरवर विसंबू नका, पाठीकडून पाणी शिरतंच.

ए-५०२: पाणी किती? पावसात तहान कुठे लागते.

डी-४०३: लागत नाही म्हणून कोणी पीत नाही, मग उतरताना पोटऱ्यांत गोळे. माणशी दोन लिटर, त्यातल्या एका बाटलीत लिंबू-मीठ-साखर. चढायला तीन तास, आपल्या चालीने चार धरा.

ए-१०४: मी सगळ्यांना मसालेभात आणते, पातेलंभर.

बी-३०२: काकू 😄 पातेलं बसमध्येच राहू दे, उतरल्यावर तुटून पडू. वर न्यायला पोळीत गुंडाळलेली बटाट्याची भाजी, गूळ-शेंगदाणे. रविवारी वाटेत झोपड्यांमध्ये चहा, पिठलं-भाकरी मिळते. रोख ठेवा, रेंजचा भरवसा नाही. आणि माकडांसमोर पुडा फोडू नका.

सी-२०१: जीन्स चालेल?

डी-४०३: नको रे. भिजली की गुडघा वाकत नाही. ट्रॅकपँट घाल. बूट उलटे करून बघ, तळाला खाचा शाबूत हव्यात. कोरे करकरीत बूटही नकोत, फोड येतात.

बी-३०२: कोरडे कपडे, टॉवेल, चपला बसमध्ये. टॉर्च मात्र सॅकमध्येच. बीपी-शुगरवाल्यांनी आपल्या गोळ्या घ्या आणि त्या कुठल्या कप्प्यात आहेत ते सोबतच्याला सांगून ठेवा.

ए-५०२: ब्लूटूथ स्पीकर माझ्याकडे!

डी-४०३: वर देवीचं देऊळ आहे. इयरफोन आण.

ए-५०२: बरं काका 😐

ए-१०४: भातात मटार घालू का? सी-विंगची मुलं वेचून काढतात.

सी-२०१: घाला काकू. त्या दिवशी दगड घातलेत तरी खातील.