शब्दचर्चा: 'ॲनॉयन्स'ला मराठीत काय म्हणाल?

रावपुरेकर: मंडळाच्या दिवाळी अंकासाठी एक लेख मराठीत करतोय. जुलै 2008, सिडनी. जागतिक युवा दिनाला पोप बेनेडिक्ट सोळावे येणार म्हणून न्यू साउथ वेल्स सरकारने नियम केला: सोहळ्याला आलेल्यांना 'ॲनॉयन्स' किंवा 'इन्कन्व्हीनियन्स' होईल असं कुणी वागलं तर त्याला थांबवायचं, ऐकलं नाही तर 5,500 डॉलरपर्यंत दंड. निषेधाचे टीशर्ट आणि कंडोम वाटू पाहणारे कार्यकर्ते कोर्टात गेले. 15 जुलैला फेडरल कोर्टाने पहिला शब्द उडवला, दुसरा ठेवला. मी पहिल्याला 'त्रास' आणि दुसऱ्याला 'गैरसोय' लिहिलंय, संपादक म्हणतात 'त्रास'चं 'उपद्रव' करा.

मेधा दांडियाबाजार: 'उपद्रव' अजिबात नको! उप अधिक द्रु, म्हणजे धावून येणं. माकडं करतात तो उपद्रव. टीशर्टवरची ओळ कुणाच्या अंगावर धावून येत नाही, वाचणाऱ्याला चीड येते इतकंच. 'उपद्रव' छापलंत तर वाचक म्हणेल, सरकारचं बरोबरच होतं.

सूरसागर: व्युत्पत्तीच काढायची तर 'त्रास' म्हणजे संस्कृतात भीती. आपण बडोद्यात दिवसभर 'हेरान करू नको' म्हणतो. 'हैराण करणं' लिहा की.

श्रीधरकाका: हैराण अरबी आहे. 'मनस्ताप' असताना उसनवारी कशाला? आणि 'गैरसोय'ऐवजी 'असुविधा' लिहावं.

मेधा दांडियाबाजार: काका, 'असुविधा के लिए खेद है' हे स्टेशनवर वाचतो आपण. 'गैर' अरबी असेल, पण त्याला 'सोय' जोडली ती आपल्याच लोकांनी. माझी आजी 'पाहुण्यांची गैरसोय झाली' म्हणायची, तिचं मराठी अशुद्ध होतं का?

निशिगंध: आपल्या कायद्यात बघा. भारतीय दंड संहितेत धर्माच्या अपमानाबद्दलचं 295 अ हे कलम 1927 साली आलं, आता तेच भारतीय न्याय संहितेत 299. त्यात जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला अपमान लागतो. 1957 च्या रामजीलाल मोदी खटल्यात सुप्रीम कोर्टाने कलम राखलं ते याच आधारावर. मराठी बातमीत मात्र 'भावना दुखावल्या' एवढंच उरतं, बोलणाऱ्याचा हेतू गळून जातो. आपल्याच बडोद्याच्या विद्यापीठात 2007 साली ललितकलेच्या विद्यार्थ्याला परीक्षेला मांडलेल्या चित्रांवरून अटक झाली. तिथे कुठली पूजा थांबली होती? पूजेत मुद्दाम व्यत्यय आणण्याला वेगळं कलम आहे, 300. कीर्तन बंद पडलं की नाही ते चार माणसांना दिसतं. भावना कुणी मोजायची?

श्रीधरकाका: मोजता येत नाही म्हणून ती खोटी ठरत नाही. माझ्या देवाबद्दल वाकडं लिहिलं तर मला लागतंच.

निशिगंध: लागतं, मान्य. पण लागलं म्हणून दुसऱ्याला कोठडीत घालायचं?

रावपुरेकर: अहो, माझा शब्द!

सूरसागर: सयाजीरावांच्या राज्यात 1931 साली आठ भाषांचा 'सयाजीशासनशब्दकल्पतरू' निघाला, राज्यकारभारातल्या शब्दांसाठीच. त्यात फारसी, उर्दूही शेजारी मांडली आहे. महाराजांना उसनवारीचं वावडं नव्हतं, काका.

श्रीधरकाका: शेजारी मांडणं म्हणजे उसनं घेणं नव्हे. संस्कृतचा रकानाही आहे त्यात. शनिवारी सेंट्रल लायब्ररीत या, दोघं मिळून पाहू.

मेधा दांडियाबाजार: मीही येते. 'गैरसोय' मराठीच्या रकान्यात सापडली तर 'असुविधा' मागे घ्यायची.