मदत हवी आहे: तबल्याच्या ऑनलाइन शिकवणीसाठी विद्यार्थी कसे मिळवावेत?

नमस्कार. मी सांगलीत राहते आणि गेली सोळा वर्षे घरीच तबला शिकवते. कोणत्याही संस्थेत नोकरी नाही, शिकवणी हेच उत्पन्नाचे साधन आहे. आजवर विद्यार्थी तोंडी ओळखीतून येत गेले, त्यामुळे जाहिरात करण्याची वेळ कधी आली नाही. गेल्या तीन वर्षांत मात्र त्यांची संख्या २८ वरून ११ वर आली आहे.

यामागचे कारण मला कळते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा दिल्या की दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून बरीच मुले येतात आणि दहावी होताच पुण्याची वाट धरतात. ज्यांना खरोखर पुढे शिकायचे होते, अशा चौघांना मी ऑनलाइन शिकवत राहिले. त्यांतील एक मुलगी आता डब्लिनमध्ये आहे आणि तिचा रेला, म्हणजे जलद लयीत सलग वाजवायची रचना, समोर बसून शिकणाऱ्यांच्या तोडीचा झाला आहे. हे काम पडद्यावरूनही मनापासून करता येते, याची खात्री मला तिच्यामुळे पटली. अडचण आहे ती नवे, अनोळखी विद्यार्थी मिळवण्याची.

सुरुवातीला मी शिक्षक आणि विद्यार्थी यांची गाठ घालून देणाऱ्या एका संकेतस्थळावर नाव नोंदवले. तेथे शुल्कातला मोठा वाटा कापला जात असे आणि पालकांशी थेट बोलण्याची मुभा नव्हती, म्हणून मी बाहेर पडले. त्यानंतर पहिला वर्ग विनामूल्य ठेवून पाहिला. पाच महिन्यांत असे १९ वर्ग घेतले, पण टिकले दोनच विद्यार्थी. पहिल्या वर्गाचे थोडे तरी शुल्क घ्यावे, म्हणजे ज्यांनी शिकायचे ठरवले आहे तेच येतील, असे मला आता वाटू लागले आहे. आपला अनुभव काय सांगतो?

यूट्यूबवर मी स्वतःच्या वादनाच्या लहान चित्रफिती टाकल्या. त्यांवर प्रतिक्रिया आल्या त्या तबला वाजवणाऱ्यांच्या. पालकांची एकही नाही. आठ वर्षांच्या मुलाच्या आईला माझी तयारी पाहायची नसते, आपल्या मुलाला ही बाई कशी शिकवेल ते पाहायचे असते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. त्यामुळे आता डग्ग्यावर, म्हणजे डाव्या हाताच्या खर्ज आवाजाच्या वाद्यावर, मनगट कसे टेकवायचे, ‘ना’ हा बोल वाजवताना अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या वर्तुळाच्या, कडेला का ठेवायची, अशा एकेका गोष्टीवर दोन-दोन मिनिटांच्या फिती करण्याचा विचार आहे. विद्यार्थ्यांचे चेहरे मी त्यांत दाखवणार नाही, फक्त हात दिसतील.

पहिल्या वर्गात आणखी एक गोष्ट आडवी येते. झूमसारख्या साधनांना डग्ग्याची घुमारी पाठीमागचा गोंगाट वाटते आणि ती कापली जाते. मी दोन्ही हातांनी ‘धा’ वाजवते, पण पलीकडे उजव्या तबल्याच्या कडेचा, म्हणजे चाटीवरचा, कोरडा टणत्कार तेवढा पोहोचतो. मूळ ध्वनी तसाच पाठवण्याची सोय सुरू केली की फरक पडतो. मात्र ती पलीकडेही सुरू करावी लागते, नाहीतर मुलाचा डग्गा मला ऐकू येत नाही. शिवाय आवाज पोहोचायला वेळ लागत असल्याने दोघांनी एकत्र वाजवणे शक्य नसते, म्हणून लेहरा, म्हणजे ताल धरून पुन्हा पुन्हा वाजणारी धून, ध्वनिमुद्रित करून आधी पाठवावा लागतो. हे सगळे समजावण्यात पंधरा मिनिटे गेली की पालकांचा उत्साह मावळलेला मला स्पष्ट दिसतो. आदल्या दिवशी एक पानाची सूचना पाठवली तर ते सोयीचे वाटेल, की त्यानेच माणूस बिचकेल?

परदेशातील मराठी कुटुंबांपर्यंत पोहोचण्याची माझी फार इच्छा आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळाशी संलग्न मराठी शाळा उत्तर अमेरिकेत अनेक गावांत भरतात. अशा शाळेतील मुलांना तासभर तबल्याची ओळख विनामूल्य करून द्यावी, असे मनात आहे. पण थेट शाळेच्या कार्यकर्त्यांना लिहिणे रीतीला धरून होईल का, हे तेथील कोणी सांगितले तर उपकार होतील. वेळेचा हिशोब मी केला आहे. आपल्याकडे शनिवारी सकाळी सात वाजतात तेव्हा कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात शुक्रवारचे संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेपाच वाजलेले असतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मुलांसाठी मला पहाटे पाचला बसावे लागेल. त्याची माझी तयारी आहे, फक्त शेजाऱ्यांसाठी खिडक्या लावून घ्याव्या लागतील.

शुल्काबाबत माझा पुरता गोंधळ आहे. घरच्या वर्गाचे मी महिना ८०० रुपये घेते. परदेशातील विद्यार्थ्यांकडून जास्त घेणे मनाला पटत नाही, पण तेथे वर्ग एकेकट्याचा असतो आणि तयारीही अधिक लागते, हेही खरे आहे. चार वर्गांचे पैसे आगाऊ घ्यावेत का, आणि चुकलेल्या वर्गाचे काय करावे?

ज्यांची मुले ऑनलाइन गाणे किंवा वाद्य शिकतात, त्यांना माझी विशेष विनंती आहे. आपल्याला शिक्षक कोठे सापडले आणि पहिल्या वर्गातील कोणती गोष्ट पाहून आपण होकार दिला, ते कृपया सविस्तर लिहावे. माझा घरचा वर्ग रोज चारला सुरू होतो. त्याआधी दुपारी मी येथे येऊन प्रत्येक उत्तर वाचेन आणि काही विचारल्यास लगेच सांगेन.