जुन्या एजॅक्सची ‘दिल्ली’ करायची, तर मापं नकोत?

खारेवारे: जहाजांच्या मॉडेलवरच्या कालच्या लेखात सल्ला होता, ‘जुना किट उघडा, चिकटवा, रंगवा. पुस्तकं उलगडून मापं काढत बसणं म्हणजे छंदाचा सत्यानाश.’ वर फोटो होता एअरफिक्स कंपनीच्या १/६०० प्रमाणातल्या एजॅक्स या ब्रिटिश युद्धनौकेच्या प्लास्टिक मॉडेलचा, खाली पाटी ‘आयएनएस दिल्ली’. चारही टरेट (तोफांचे फिरते मनोरे) जागच्या जागी, विमान उडवायचा कॅटपल्टसुद्धा! माझं डोकं तिथेच फिरलं. दिल्ली म्हणजे पूर्वीची अकिलीस, एजॅक्सच्याच बनावटीची तिची बहीण. १९४३-४४ च्या मोठ्या दुरुस्तीत तिची एक्स टरेट, म्हणजे मागच्या दोनपैकी वरची, काढली. १९४८ ला ती आपल्याकडे आली तेव्हा सहा इंची तोफा आठ नव्हे, सहाच होत्या. किट साठच्या दशकातला आहे, त्याला दोष नाही. पण पाटी लावणाऱ्याने एक जुना फोटो तरी बघावा. एक्स कापा, कॅटपल्ट काढा, तीन पायांच्या डोलकाठ्या, ट्रायपॉड मास्ट, नव्या करा. तोफांच्या नळ्या तर बदलाच. १५२ मिलिमीटरचं भोक या स्केलला पाव मिलिमीटर येतं आणि किटमधल्या नळ्या उदबत्तीच्या काडीएवढ्या. नव्या नळ्या स्प्रू ओढून करायच्या, म्हणजे किटचे भाग ज्याला जोडून येतात ती प्लास्टिकची काडी. स्प्रू मेणबत्तीच्या वर धरायचा, ज्योतीला लावायचा नाही. मध्ये चकाकी येऊन तो लवायला लागला की बाजूला घेऊन ओढायचा. सावकाश ओढला तर जाड राहतो, झटक्यात ओढला तर केस होतो.

गिरगावकर: तो लेख माझाच. माझा नातू शाळेतून आल्यावर माझ्याशेजारी बसून चिकटवतो. त्याला एक्स टरेट काप म्हटलं तर तो परत मोबाइल हातात घेईल. तुमच्यासारख्यांनीच या छंदातून पोरं पळवली. आणि रेलिंगचं फोटोएच, म्हणजे धातूच्या पातळ पत्र्यात कोरलेले भाग, बाहेरून मागवलं की किटपेक्षा कस्टमची ड्युटी जास्त. मागच्या वेळी पार्सल वाकलेलंच हातात पडलं, तक्रार कुणी ऐकली नाही.

खारेवारे: नातवाने एजॅक्स करावी, आनंदाने करावी. मग पाटीवर एजॅक्स लिहा. एवढंच म्हणणं आहे.

नाना_ठाणे: किटचं राहू द्या. गोवा मुक्तीत हिनेच गोवा घेतला. टरेट तीन की चार, काय फरक पडतो?

वास्कोकर: फरक पडतो, नाना. मुरगावला दिल्ली नव्हतीच. तिथे अफोन्सो द अल्बुकर्क या पोर्तुगीज युद्धनौकेशी आपल्या बेतवा आणि बियास लढल्या. दिल्ली त्याच डिसेंबर १९६१ मध्ये दीवसमोर होती. आमच्या घरात मुरगावचा तो दिवस आजीने पाहिलेला, तोफांचे आवाज ऐकून सगळे विहिरीमागे बसले होते. मॉडेल करायचं तर बेतवाचं करा. पण तिचा किट कुणी काढत नाही, हे माझं जुनं दुखणं.

स्टोकरचा_भाचा: मामा दिल्लीवर बॉयलर रूमला होते. १९७८ ला ती निवृत्त झाली आणि मुंबईतच भंगारात गेली. तिची एक टरेट न्यूझीलंडला दिली, ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट तळाच्या दाराशी ती आजही उभी आहे. परक्यांनी जपली, आपण वितळवलं.

नाना_ठाणे: परके कसले? ती अकिलीस असताना, १९३९ च्या रिव्हर प्लेटच्या लढाईत, न्यूझीलंडचीच पोरं होती तिच्यावर. त्यांचा हक्कच होता.

स्टोकरचा_भाचा: आणि जुन्या विमानवाहू विक्रांतवर कुणाचा हक्क होता? १९९७ ला निवृत्त, मग म्युझियम, २०१४ ला लिलाव. पोरांना घेऊन मी तिच्या डेकवर उभा राहिलोय. आता तिचं पोलाद मोटरसायकलच्या टाकीत आहे.

नाना_ठाणे: समुद्रात उभं जहाज राखायला पैसा लागतो, भावनेने गंज थांबत नाही. दरवर्षी कोटी कोण देणार, तुम्ही?

स्टोकरचा_भाचा: हो, तिकीट काढून दिलेच असते! मुंबईत लाखो लोकांनी दिले असते. तुम्ही कधी गेलात का बघायला, ते सांगा आधी.

गिरगावकर: नाना, इथे मी भाच्याच्या बाजूने. जहाज राहिलं नाही म्हणून तर लोक किट घेतात.

खारेवारे: मग तेच तर म्हणतोय! जहाज राहिलं नाही, तर मॉडेल तरी खरं असू द्या. रिव्हर प्लेटच्या लढाईवरच्या १९५६ च्या इंग्रजी सिनेमात दिल्लीनेच अकिलीसचं काम केलंय, रंगीत दृश्यं आहेत. मास्ट कसे होते ते थांबवून बघा.

गिरगावकर: पाटी बदलतो, एजॅक्स करतो. तुम्ही म्हणता म्हणून नाही, वास्कोकरांच्या आजीसाठी. दुसरा किट कपाटात आहे, तो मी एकटा रात्री कापेन. पण एक्स निघाल्यावर डेकला जो खड्डा पडतो, तो पुटीने भरायचा की प्लास्टिकच्या पत्र्याने? पुटी आक्रसते.

खारेवारे: पत्र्याची गोल चकती आतून चिकटवा, वर पुटीचा पातळ हात. एक रात्र वाळू द्या, मग ओल्या पॉलिश पेपरने घासा.